मरणाचं कारण सांगणारे दगड

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत एक माणूस आडवा पडलेला असतो आणि बऱ्याचदा त्याच्याजवळ गाई उभ्या असतात. वरच्या चौकटीत लढाई: तोच माणूस आता ढाल-तलवार घेऊन उभा, समोर दोन-चार शत्रू, कधी घोडेस्वार. तिसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्हीकडून धरून वर नेताहेत. शेवटच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, पलीकडे पुजारी आहे. माथ्यावर कलश, आजूबाजूला चंद्र आणि सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, एवढंच त्या दोन खुणांचं म्हणणं.

मरण आधी आणि लढाई नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. वाटेनं जाणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, जमिनीलगत, पहिल्यांदा प्रेत येतं. तो का मेला हे कळण्यासाठी मान वर करावी लागते.

वाई तालुक्यात चंदन-वंदनच्या परिसरातल्या किकली गावी, भैरवनाथाच्या देवळाभोवती असे वीरगळ मोठ्या संख्येनं आहेत. कोल्हापूरजवळच्या कसबा बीडमध्ये आहेत, बारामतीकडच्या लोणी भापकरला आहेत. खरं तर सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर, सोलापूर या पट्ट्यात जुनं देऊळ असलेल्या गावाच्या वेशीवर, पारावर किंवा तळ्याच्या काठावर एखादा तरी सापडतोच. बहुतेक यादव आणि शिलाहारांच्या काळातले, म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वीचे. काही त्याहून जुने, काही बरेच नंतरचे. आणि त्यांतल्या बहुतेकांवर एकही अक्षर नाही.

कर्नाटकात तसं नाही. तिथल्या वीरगळांवर लेख असतात. कोणत्या राजाच्या काळात, कोणत्या गावच्या गाई सोडवताना, कोण पडला, त्याच्या घरच्यांना किती जमीन दिली, हे सगळं कोरलेलं असतं. अशा जमिनीला तिथल्या लेखांत रक्ताच्या मोबदल्याचं दान म्हटलेलं आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा दगड तर एका कुत्र्याचा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण यानं तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, त्याच सुमाराची, म्हणजे इसवी सन ९५० च्या आगेमागेची ही गोष्ट. गंग राजा बूतुग हा कृष्णाचा मांडलिक आणि मणलेर हा बूतुगाचा योद्धा. पराक्रमावर खूश होऊन राजानं ‘काय हवं ते माग’ म्हटल्यावर मणलेरानं काळी नावाचं शिकारी कुत्रं मागून घेतलं. पुढे एका रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघंही मेले. मणलेरानं देवळासमोर काळीचा दगड उभारला आणि तिच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली. हा दगड आता बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्रीचं नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि किकलीच्या माणसांची नावं नाहीत.

तरीही महाराष्ट्रातल्या या मुक्या दगडांनी एक गोष्ट सोडलेली नाही. ती म्हणजे मरणाचं कारण. गाई कोरल्या असतील तर तो गोधन परत आणताना पडला. समोर वाघ असेल तर वाघाशी झुंजताना. हत्ती-घोडे असतील तर राजाच्या लढाईत. माझा अंदाज असा, की नाव कोरायची गरजच त्या गावाला वाटली नसावी. दगड उभा केला तेव्हा सगळ्यांना तो कुणाचा हे माहीत होतं आणि ते घरातून घरात सांगितलं जाणार होतं. पिढ्या सरल्या, नाव गळालं. दगडात घातलेलं कारण तेवढं टिकलं.

गाईंसाठी माणसं मरत, हे आज वाचताना कदाचित भाबडं वाटेल. पण माण, खटाव, फलटण, पुरंदर, बारामती हा सगळा सह्याद्रीच्या आडोशाचा, पावसानं पाठ फिरवलेला मुलूख आहे. तिथे शेतीचा भरवसा नव्हता. घराची खरी मालमत्ता चार पायांवर चालणारी होती. ती एका रात्रीत हाकून नेता येत होती. कळप गेला की दूध गेलं, शेण गेलं, नांगर ओढणारा बैल गेला, लेकीच्या लग्नाची सोय गेली. दुसऱ्याच्या गाई पळवणं ही चोरी नव्हे, युद्धाची रीतसर पद्धत होती. महाभारतातल्या विराटपर्वाचा सगळा कळस गोग्रहणावरच उभा आहे. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक पुण्यात राहून धनगरांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, आणि १९८२ साली एस. सेट्टर यांच्यासोबत स्मारकशिळांवरचा मोठा ग्रंथ संपादित केला. वीरगळ समजून घ्यायचा तर आधी गुराख्याचं जग समजून घ्यायला हवं, ही दृष्टी मला त्यांच्या कामातून मिळाली.

वीरगळांच्या शेजारी बऱ्याचदा दुसरा एक दगड असतो. त्याच्यावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एक हात, तळवा समोर. ही सतीशिळा. काही दगडांवर नवऱ्याची आणि तिची छोटी आकृती असते, पण बऱ्याच ठिकाणी नुसता हात. पुरुषाच्या मरणाला चार चौकटी, शत्रू, शस्त्रं, अप्सरा. तिच्या मरणाला फक्त बांगड्या. ती स्वतः गेली की नेली गेली, तिचं वय काय होतं, मागे लेकरं होती का, यातलं काहीही तो दगड सांगत नाही. त्या हाताला हळदकुंकू वाहिलेलं दिसतं तेव्हा मला नमस्कार करवत नाही, आणि पाठ फिरवून जाताही येत नाही.

मुंबईत बोरिवलीच्या पश्चिमेला एकसर आहे. वस्तीनं वेढून टाकलेल्या या जागी महाराष्ट्रातले सर्वांत विलक्षण वीरगळ आहेत. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्यांचं वर्णन आहे: तळ्याच्या काठी, आंब्याच्या राईत, काळ्या दगडाच्या सहा मोठ्या शिळा, त्यांतल्या चार सुमारे दहा फूट उंच आणि तीन फूट रुंद. तळं आणि राई हे वर्णन आता वाचूनच कल्पायचं. पण शिळांवर जे आहे ते इतरत्र क्वचितच सापडतं. त्यांच्यावर समुद्रातली लढाई आहे. उंच नाळेची, डोलकाठ्यांची गलबतं एकामागोमाग निघाली आहेत. वल्हेकऱ्यांची रांग बसलेली आहे, वरती ढाली आणि भाले. एका शिळेवर जमिनीवरची लढाई आणि हत्ती. वर नेहमीप्रमाणे स्वर्ग.

ही लढाई कोणती, याचा सर्वसाधारणपणे मानला जाणारा उलगडा असा: उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात सुमारे १२६५ साली झालेला संघर्ष. यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्या धन्याची स्तुती करताना लिहितो, की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वरानं समुद्राचा वडवानल पत्करला, म्हणजे तो बुडाला. यादवांच्या गजदळाचा बोलबाला होताच, त्यामुळे शिळेवरचे हत्तीही या उलगड्याशी जुळतात. हेमाद्रीच्या ग्रंथात त्या दिवसाचा एकच मेलेला माणूस आहे, तो राजा. एकसरच्या शिळांवर मात्र गलबतं वल्हवणारे कोरले आहेत. त्यांचे चेहरे झिजलेत, वल्ही अजून मोजता येतात. कोकणच्या राज्याचा शेवट ज्यांच्या खांद्यांवर झाला त्या माणसांचं आपल्याकडे उरलेलं हे बहुधा एकमेव चित्र असेल. म्हणूनच मला एकसर कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

नाव गळाल्यावर दगडाचं काय होतं? बहुतेक ठिकाणी तो देव होतो. शेंदूर चढतो, नारळ फुटतो, लग्नानंतर जोडपं पाया पडायला येतं. फ्रेंच अभ्यासक देल्युरी यांनी तर १९६० साली पंढरपूरचा विठोबाच मुळात वीरगळ असावा असं मत मांडलं होतं. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या शोधात गवळी-धनगरांपर्यंत जाणारी वेगळी आणि कितीतरी भरीव वाट काढली, ती मला अधिक पटते. पण मेलेला गुराखी आणि पुजलेला देव या दोघांमधलं अंतर आपल्या मातीत फार नसतं, हे दोघांच्याही लिखाणातून जाणवतं. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घरोघरचे वीर वाजतगाजत गोदेवर नेतात आणि दाजीबा वीराची मिरवणूक निघते. तिथेही अकाली गेलेल्याला वर्षातून एकदा घरचा मान मिळतो.

खंडाळ्याच्या घाटात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं इंग्रजांना घाटातून उतरायची वाट दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर ‘आमचं राज्य परत द्या’ म्हणाला आणि त्याला गोळी घातली, असं सांगतात. कागदोपत्री याचा पुरावा नाही. पण रेल्वे आणि रस्ते आखणाऱ्यांना डोंगर ज्यांच्या पायाखालचा होता अशांचीच मदत घ्यावी लागली असणार, यात शंका घ्यायचं कारण दिसत नाही. ट्रकवाले आणि एसटीवाले जाताजाता तिथे नाणं टाकत आले आहेत.

त्याच घाटात रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ असं चाललं. सुमारे २५ किलोमीटरची चढण, २५ बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ च्या सुमारास तिथे एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीनं, तापानं, सुरुंगांच्या स्फोटांनी, कड्यावरून कोसळून किती मेले? इतिहासकारांचे अंदाज काही हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत जातात. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते काम पुरं करून घेतलं. ही दोन नावं इतिहासात नीट नोंदलेली आहेत. कड्याला दोरानं लटकून पहार मारणाऱ्यांची नाहीत. शिंग्रोबाच्या देवळासमोर उभं राहिलं की मला वाटतं, लोकांनी त्या सगळ्यांचं मरण या एका धनगराच्या नावावर जमा केलं असावं. हे सिद्ध करता येणार नाही. पण मी तिथे नाणं टाकतो ते त्या पंचवीस बोगद्यांसाठी.

विसाव्या शतकात दगडांवर नावं आली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकसमोर बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा, गिरणीत काम करणारा, बाविशीतला पोरगा. त्याच्या नावाचे रस्ते आहेत, चौक आहेत. पण रस्त्याच्या पाटीवर ट्रक नाही. जुन्या पाथरवटानं त्याचा वीरगळ घडवला असता तर खालच्या चौकटीत रस्त्यावर पडलेला मुलगा आणि चाक कोरलं असतं, आणि पाटी न वाचता येणाऱ्यालाही सगळं कळलं असतं. फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत, नावं कोरलेली आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथेच झालेल्या गोळीबारात १५ माणसं गेली. कोण कुठून आलं होतं, कुणाच्या छातीत गोळी लागली, हे मात्र पुस्तकांत शोधावं लागतं.

इकडे जुने वीरगळ रस्त्यांखाली जाताहेत. रुंदीकरणात वेशीवरचा दगड जेसीबीनं बाजूला होतो, भरावात पडतो. काही कुठे पायरी झालेत, कुठे धुणं धुवायचा दगड, कुठे ऑइलपेंटखाली चौकटीच बुजल्यात. जाणती गावं ते उचलून देवळाजवळ ओट्यावर रांगेनं लावतात. हे चांगलंच आहे, पण ज्या वाटेवर तो माणूस पडला ती वाट दगडापासून तुटते. हलवण्याआधी मूळ जागा, तोंड कुठल्या दिशेला होतं, लोक त्याला काय म्हणतात, एवढं ग्रामपंचायतीच्या दप्तरी लिहून ठेवलं तरी पुढच्या अभ्यासकाचं निम्मं काम होईल.

त्याच रुंद झालेल्या रस्त्यांवर माणसं आजही मरताहेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. घाटात वळणावर एखादा छोटा चबुतरा दिसतो, फोटो लावलेला असतो, तारीख असते, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असते. कारण नसतं. ते पोलिसांच्या कागदात असतं, आणि तिथे ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’ हे ठरीव शब्द असतात. उसाच्या हंगामात रात्री रस्त्यात उभी असलेली, मागे दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली जोडट्रॉली. उलट्या बाजूनं आलेला डंपर. महिनोन्‌महिने न बुजलेला खड्डा. ही आजच्या वीरगळाची खालची चौकट आहे.

सरकारच्या दप्तरात अशा जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा माणसं मरावी लागतात. तेव्हा ती जागा यादीत येते आणि मग दुरुस्तीचा प्रस्ताव निघतो. माण-खटावच्या ज्या गावांना नीट पाऊसही मिळत नव्हता, त्यांनी एका माणसाच्या मरणावर पाथरवट बोलावला होता.