अँफोटेरिसिन-बी: नाव एकच, इंजेक्शनं वेगळी

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेदरम्यान म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी', पसरली. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक वणवण फिरत होते. मे अखेरीस वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने त्याचं उत्पादन सुरू केलं.

हे औषध काय करतं?

बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं. औषध त्याला चिकटतं, आवरण गळकं होतं आणि बुरशी मरते. आपल्या पेशींमध्ये त्याच्यासारखंच कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे थोडा मारा आपल्यावरही होतो, विशेषतः किडनीवर. म्हणूनच उपचारादरम्यान क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वारंवार तपासतात.

याच गटातलं हमायसिन हे औषध चऱ्होलीपासून जवळच, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधलं गेलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं, त्याचं नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!

साधं की लायपोसोमल?

लायपोसोमल प्रकारात औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं असतं. ते महाग असतं, पण किडनीला कमी त्रास देतं. त्याचा डोस साध्या औषधाच्या काही पट असतो. तोच डोस चुकून साध्या इंजेक्शनचा दिला, तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे एकाऐवजी दुसरं मिळालं, तर आधी डॉक्टरांना दाखवा.