निळू फुले : माळीकाम ते हिंदुराव

जालन्याकडच्या जत्रांत तंबूतला सिनेमा पाहिलेल्या पिढीला पाटील म्हटलं की अजून निळूभाऊंचाच चेहरा आठवतो. अर्धे मिटलेले डोळे, टोपी किंचित तिरकी, आवाज घशातल्या घशात. त्यांना प्रत्यक्ष पाहून बायका घाबरत, शिव्याशाप देत, असं ते स्वतःच सांगत. मराठी पडद्याने इतका हुबेहूब खलनायक दुसरा पाहिला नाही, आणि पडद्याबाहेर त्या खलनायकापासून इतका दूरचा माणूसही क्वचितच पाहिला.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा. घरात भावंडं पुष्कळ आणि वडिलांचं उत्पन्न तुटपुंजं. पोरवयातच ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढायचं मनात होतं, पण भांडवल जमलं नाही. पुढचं शिक्षण झालं ते सेवा दलाच्या कलापथकात. तिथेच लोकनाट्याची बोली आणि राजकारणाची समज, दोन्ही त्यांना एकदम मिळालं.

‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झालं. १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त त्यांचा झेलेअण्णा पडद्यावर आला आणि खेड्यातला बेरकी, सत्तेला चटावलेला माणूस ही त्यांची हक्काची जागा ठरली. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये कमलाकर सारंगांनी सखारामाची भूमिका त्यांना दिली. सेन्सॉरने नाटक अडवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

त्यांची खरी उंची मात्र ‘सामना’त दिसते. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील दारूच्या नशेत पडलेल्या एका मास्तरला उचलून घरी आणतो, त्याची बडदास्त ठेवतो. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. तोच पाहुणा पुढे मारुती कांबळे नावाच्या बेपत्ता माणसाची चौकशी करू लागतो. दुसऱ्या कुणी इथे डोळे वटारून आरडाओरडा केला असता. निळूभाऊ आवाज खाली नेतात, बोलता बोलता थांबतात, समोरच्याला जोखतात. हिंदुरावाला गावाच्या भल्याची खरोखर ओढ आहे, आणि हेच त्याच्या गुन्ह्याला जास्त भयंकर करतं. माझ्या मते मराठीत सत्तेचं इतकं बारीक चित्र दुसऱ्या कोणत्याही नटाने उभं केलेलं नाही.

चारच वर्षांनी, १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये, याच नटाने पत्रकार दिगू टिपणीस केला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. मंत्रालयाच्या भोवती फिरत सगळ्यांची कारस्थानं पाहणारा दिगू शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. हिंदुरावाच्या अंगात सत्ता मुरलेली होती. ती हाताशी नसलेल्या माणसाचं तुटणंही त्यांनी तितक्याच ताकदीने दाखवलं. महेश भटच्या ‘सारांश’मध्ये (१९८४) ते पुन्हा पुढारी झाले, पण हिंदीने त्यांचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही, ही खंत राहतेच.

१९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या मानसन्मानापेक्षा त्यांचा जीव अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात, दलित आणि कष्टकऱ्यांच्या चळवळींत जास्त रमे. डॉ. लागूंसोबत ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी उभे राहिले. चळवळीत पूर्ण वेळ देणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडंफार मानधन मिळावं, ही कल्पना. त्यासाठी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर झाले. सदाशिव अमरापूरकरांसारखे नामवंत नट त्यात होते. १३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ पुण्यात कर्करोगाने गेले. त्या प्रयोगांतून जमलेल्या पैशाच्या व्याजावर कार्यकर्त्यांची मानधनं त्यानंतरही सुरू राहिली.