ब्रिटिश मोटोक्रॉस गाड्या: 'ओरिजिनल' कशाला म्हणायचे?

जुनी मोटारसायकल दाखवली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ओरिजिनल आहे का? मग इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदांशी ताडून पाहिले जातात, टाकीचा रंग कंपनीचा आहे का ते बघितले जाते, सायलेन्सर बदललेला असेल तर किंमत उतरवली जाते. रस्त्यावर चालवण्यासाठी विकलेल्या गाडीला हा निकष लागू पडतो. पण १९५० आणि १९६० च्या दशकांत ब्रिटनमध्ये चिखलातल्या शर्यतींसाठी बनलेल्या मोटोक्रॉस गाड्यांना तोच निकष लावला की खरेदीदार फसतो, कधी विक्रेत्याकडून आणि बऱ्याचदा स्वतःच्याच समजुतींमुळे. या गाड्यांचा जन्म बदलांसाठीच झालेला होता. त्यामुळे गाडी बदललेली आहे की नाही हे विचारून फारसे हाती लागत नाही. कोणता बदल, कोणी, कधी आणि कशासाठी केला, याचा पुरावा मागितला तर मात्र गाडीचा खरेपणा कळतो. या गाड्यांच्या संग्रहाबद्दलचे बहुतेक गैरसमज हा फरक न ओळखल्यामुळे झालेले आहेत.

इंग्लंडमध्ये या शर्यतीला 'स्क्रॅम्बल' म्हणत. तिची सुरुवात १९२४ मध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीजवळच्या माळरानावर झाली असे मानले जाते. १९४७ मध्ये देशादेशांच्या संघांची पहिली मोटोक्रॉस स्पर्धा नेदरलँड्समध्ये झाली आणि ती ब्रिटनने जिंकली. १९५२ पासून ५०० सीसी गटाची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि १९५७ पासून तिला जागतिक दर्जा मिळाला. या स्पर्धेचे विजेते पाहिले तरी 'कंपनीतून निघाली तशी' ही कल्पना किती लंगडी आहे ते दिसते. १९५६ मध्ये लेस आर्चर नॉर्टनवर युरोपीय विजेता झाला. त्याच्या गाडीत डांबरी ट्रॅकवरच्या मँक्स नॉर्टनचे इंजिन वेगळ्या, खास बांधलेल्या चौकटीत बसवलेले होते. नॉर्टनने अशी स्क्रॅम्बलर गाडी कधी दुकानात ठेवलीच नाही. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या बिल निल्सनने पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवले ते एजेएसच्या ७ आर या रोड रेसिंग इंजिनावर बेतलेल्या गाडीने. म्हणजे त्या काळातल्या सर्वोत्तम गाड्या जोडगाड्याच होत्या. दर रविवारी शर्यत, सोमवारी गाडी उघडायची, तुटलेले सांधायचे आणि दुसऱ्या गाडीचा चांगला भाग मिळाला तर तो बसवायचा, असा हा खेळ होता.

सगळ्यात पक्का गैरसमज नंबरांचा आहे. इंजिनाचा आणि चौकटीचा नंबर एकच असला पाहिजे, नाहीतर गाडी 'जमवलेली', असे अनेकजण धरून चालतात. ट्रायम्फच्या बाबतीत हे बरोबर आहे, कारण तो कारखाना दोन्हीकडे एकच नंबर पंच करत असे. बीएसएच्या गोल्ड स्टारमध्ये मात्र दोन नंबर कधीच सारखे नव्हते. १९५६ ते १९६३ या काळातल्या ५०० सीसी गोल्ड स्टारच्या इंजिनावर 'डीबीडी ३४ जीएस' या अक्षरांनंतर आकडे येतात आणि चौकटीवर 'सीबी ३२' नंतर वेगळेच आकडे येतात. तेव्हा दोन्हीकडे एकच आकडा असलेला गोल्ड स्टार कोणी दाखवला तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे. ग्रीव्हज, डॉट, कॉटन, जेम्स या कारखान्यांचे तर बहुतेक इंजिने व्हिलियर्सकडून यायची. व्हिलियर्सचे नंबर व्हिलियर्सच्या हिशेबाने आणि चौकटीचे नंबर गाडी बांधणाऱ्याच्या हिशेबाने, मग ते जुळणार कुठून? इंजिन आणि चौकट एकत्रच कारखान्यातून बाहेर पडली का, याचे उत्तर धातूवर मिळत नाही, वहीत मिळते. बीएसएच्या रवानगीच्या नोंदी टिकून आहेत. बीएसए ओनर्स क्लबकडे नंबर कळवले तर ती जोडी कधी आणि कोणत्या रूपात बाहेर पडली ते समजू शकते. मॅचलेस आणि एजेएससाठी त्यांच्या मालकांचा क्लब आहे. गाडी पाहायला निघण्याआधी नंबर मागवून क्लबला लिहावे, हा सल्ला मी आग्रहाने देईन.

यावर आक्षेप येतो की नंबर जुळायलाच नकोत तर फसवणूक ओळखायची कशी. उलट इथे ती ओळखण्याच्या खुणा जास्त आहेत, फक्त त्या नेहमीच्या जागी नाहीत. गोल्ड स्टारचीच गोष्ट घ्या. बी ३१ आणि बी ३३ या तिच्या साध्या भावंडांची चौकट दुरून तशीच दिसते, आणि साध्या गाडीचा गोल्ड स्टार बनवून विकणे हा जुना धंदा आहे. आता खाली वाकून उजव्या बाजूची खालची नळी पाहा. गोल्ड स्टारच्या इंजिनातला तेलाचा पंप मोठा असल्याने त्याला जागा देण्यासाठी त्या नळीला एक ठळक बाक दिलेला असतो. साध्या चौकटीत तो नसतो, आणि साइडकार जोडण्याचे कान असतात, जे गोल्ड स्टारला नसतात. इंजिन नंबर सिलिंडरच्या बुडाखाली क्रँककेसवर असतो. तिथला पृष्ठभाग आजूबाजूच्या ओतीव धातूपेक्षा वेगळा, घासून सपाट केल्यासारखा दिसला किंवा अक्षरे एका ओळीत नसली तर हात आखडता घ्यावा. क्रँककेसचे दोन भाग कारखान्यात जोडीनेच मशीन केलेले असतात, त्यामुळे त्या दोन अर्ध्यांवर खालच्या अंगाला पंच केलेले आकडे मात्र एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. ते वेगळे असतील तर दोन मोडक्या इंजिनांतून एक केलेले आहे, आणि त्याचे बेअरिंग सरळ रेषेत आहेत याची खात्री कोणी देऊ शकत नाही. गिअरबॉक्सवरची अक्षरेही बोलतात: 'एससी' असेल तर स्क्रॅम्बलचे दाते, 'आरआरटी २' असेल तर डांबरी ट्रॅकचे. चिखलात चालवलेली म्हणून विकायला ठेवलेल्या गाडीत आरआरटी २ निघाला तर त्याचे स्पष्टीकरण विक्रेत्याने द्यायला हवे.

दुसरा गैरसमज दिसण्याचा आणि नावाचा. उंच उचललेला सायलेन्सर, गाठीदार टायर आणि रुंद हँडल म्हणजे मोटोक्रॉस, असे नाही. जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे ५०० सीसीचे जागतिक अजिंक्यपद बीएसएवर जिंकले. त्या यशावरून बीएसएने ४४१ सीसीची बी ४४ व्हिक्टर ग्रांप्री ही खरी शर्यतीची गाडी विकायला काढली. तिची चौकट रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची आणि इंजिनाचे तेल त्या चौकटीतच भरलेले. त्याच सुमारास मुख्यतः अमेरिकेच्या बाजारासाठी व्हिक्टर एन्ड्युरो आणि मग व्हिक्टर स्पेशल आली: तेलाची टाकी वेगळी, दिवे लावलेले, रस्त्यावर चालवण्यासारखी. ही गाडी वाईट मुळीच नाही, पण ती ग्रांप्री नव्हे, आणि तिचे दिवे काढून ग्रांप्रीच्या भावात विकणारे कमी नाहीत. आपल्याकडच्या वाचकासाठी आणखी दोन गोष्टी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडून निघालेल्या बीएसए एम २० गाड्या भारतातही फिरल्या. ५०० सीसी आणि टाकीवर बीएसए एवढ्यावरून तिला गोल्ड स्टारची बहीण समजू नये, तिचे इंजिन साइड व्हॉल्व्ह पद्धतीचे, म्हणजे मुळातच वेगळे आणि संथ. आणि २०१६ मध्ये बीएसए हे नाव महिंद्रा समूहाने घेतले, त्यातून नवी ६५० सीसीची गोल्ड स्टार आली. नाव तेच असले तरी जुन्या गोल्ड स्टारच्या ८५ बाय ८८ मिलिमीटरच्या इंजिनाशी तिचे यांत्रिक नाते नाही.

या विषयातला सर्वात कसदार भाग म्हणजे रिकमन बंधूंच्या गाड्या. हॅम्पशायरमधल्या न्यू मिल्टनचे डेरेक आणि डॉन रिकमन स्वतः स्पर्धक होते. त्यांची 'मेटिस' नावाची पहिली गाडी बीएसएची चौकट, ट्रायम्फचे इंजिन आणि नॉर्टनचे फोर्क एकत्र करून झाली. पुढे त्यांनी स्वतःच्या चौकटी बांधल्या: रेनॉल्ड्स नळ्या, कांस्याने जोडलेले सांधे, वरून निकेलचा मुलामा. या चौकटी ते संच म्हणून विकत, आणि ग्राहक त्यात आपल्या पसंतीचे ट्रायम्फ किंवा मॅचलेस इंजिन बसवत असे. अशा गाडीला कारखान्यातले मूळ इंजिन असते असे म्हणणेच निरर्थक आहे. तरीही मेटिसला मान आहे आणि भावही आहे, कारण ती त्या काळात तशीच घडत होती. १९६६ च्या मॅचलेस जी ८५ सीएसच्या चौकटीवर रिकमनांची छाप स्पष्ट दिसते, म्हणजे कारखाना या दोन भावांच्या मागून चालला होता. एरिक चेनीच्या चौकटींचे तेच, आणि बोल्टनच्या अ‍ॅलन क्लूज यांचेही तेच: बीएसएचा शर्यत विभाग बंद पडल्यावर त्यांनी तिथले सुटे भाग घेतले आणि १९७१ मध्ये सीसीएम ही त्यांची कंपनी सुरू झाली. या सगळ्या गाड्या 'जमवलेल्या' म्हणून नाकारल्या तर ब्रिटिश मोटोक्रॉसचा अर्धा इतिहास गेला. पण मेटिसच्या नव्या चौकटी आजही इंग्लंडमध्ये बनतात. तेव्हा १९६० च्या दशकात बांधलेली गाडी आणि आज बांधलेली गाडी यांतला फरक विक्रेत्याने सांगायलाच हवा. आजची गाडी आज बांधली असे सांगून विकली तर ती प्रामाणिक वस्तू आहे. तिला साठ वर्षांचे वय चिकटवले तर ती लबाडी आहे.

कारखान्याच्या संघाची गाडी, म्हणजे 'वर्क्स', असा दावा तर दर दुसऱ्या विक्रेत्याकडे ऐकू येतो. अशा गाड्या थोड्या होत्या आणि त्यांचे हाल फार झाले. बीएसएने १९६६ मध्ये स्मिथसाठी टायटॅनियमची चौकट केली. हलकी खरी, पण ती तडकली की मैदानावर वेल्डिंग करता येत नसे, कारण टायटॅनियमला हवेपासून वाचवून जोडावे लागते. जे टिकले नाही ते भंगारात गेले किंवा सुट्या भागांत विरले. म्हणून जुना फोटो आणि ऐकीव कहाणी यांवर वर्क्सची किंमत मोजू नये. त्या काळातला कागद, विक्रीची पावती, छायाचित्रात ओळखू येणारी एखादी विशिष्ट दुरुस्ती असे काही हाती असेल तरच बोलणी पुढे न्यावीत.

सुटे भाग मिळत नाहीत हा समज बहुतेक खोटा आहे. गोल्ड स्टारचे जवळजवळ सर्व भाग नव्याने बनतात, अमलचे कार्ब्युरेटर आजही तयार होतात, व्हिलियर्सच्या इंजिनांचे भाग मुबलक आहेत. याच सुबत्तेमुळे बनावट गाडी करणेही सोपे झाले, हा तिचा तोटा. खरी टंचाई आहे ती विशिष्ट जागी: ग्रीव्हजच्या रबरावर चालणाऱ्या पुढच्या सस्पेन्शनचे बारीक भाग, मॅग्नेशियमचे हब आणि कव्हर. मॅग्नेशियम ओलीत आतून पोखरते आणि वरचा रंग ते लपवतो. चकचकीत निकेल केलेली चौकटही संशयानेच पाहावी. मुलाम्याआधी नळ्या पॉलिश करताना धातू पातळ होतो आणि सांध्याजवळचे तडे झाकले जातात. बेतालपणे चकाकणाऱ्या गाडीपेक्षा मळकी पण सलग दिसणारी गाडी मी कधीही वर ठेवीन.

कागद नसलेली गाडी चोरीची, असेही सरसकट म्हणता येत नाही. शर्यती खासगी जमिनीवर होत, त्यामुळे अनेक स्क्रॅम्बलर गाड्यांना रस्त्याचा नंबर कधी मिळालाच नाही. भारतात आणण्याचा विचार करणाऱ्यांना मात्र हीच गोष्ट अडते. २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज गाडीची व्याख्या पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे अशी आहे, आणि गाडी मूळ रूपात, चासी वा इंजिनात मोठा बदल न झालेली हवी अशी अट आहे. नोंदणीच न झालेली आणि आयुष्यभर बदलत गेलेली शर्यतीची गाडी या दोन्ही अटींत बसवणे कठीण. म्हणून या गाड्या जमवायची हौस असलेल्या मराठी माणसाने, तो ब्रिटनमध्ये राहत असेल तर, तिथेच ठेवून तिथल्याच १९६५ पूर्वीच्या गाड्यांच्या शर्यतींत चालवाव्यात हे शहाणपणाचे.

राहिला पैशाचा प्रश्न. जुनी गाडी आहे म्हणजे भाव चढतच जाणार, असे धरून चालू नये. १९६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात इतर खेळ बंद पडले आणि टेलिव्हिजनने स्क्रॅम्बल घरोघरी पोचवले. ते पाहून वाढलेली पिढी या गाड्यांची मुख्य गिऱ्हाईक राहिली आहे, आणि ती आता वृद्ध झाली आहे. शिवाय १९६६ पासून तीन वर्षे पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने सीझेडच्या टू-स्ट्रोकवर ५०० सीसीचे अजिंक्यपद नेले आणि ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे राज्य संपले. तिथून पुढच्या पिढ्यांच्या आठवणीतल्या गाड्या आधी युरोपीय, मग जपानी आहेत. गोल्ड स्टारला तिचे नाव वाचवेल. बाकीच्या गाड्या चालवण्याच्या आनंदासाठीच घ्याव्यात. पहिलीच खरेदी असेल तर माझी पसंती ग्रीव्हजला. डेव्ह बिकर्सने १९६० आणि १९६१ मध्ये २५० सीसीचे युरोपीय अजिंक्यपद ज्या एसेक्सच्या कारखान्यासाठी जिंकले, त्याच्या चौकटीच्या पुढच्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या भागाची हुबेहूब नक्कल करणे अवघड आहे, इंजिनाचे भाग मिळतात, आणि गोल्ड स्टारच्या मानाने ती कितीतरी स्वस्त पडते.