आदल्या रात्रीची न्याहारी

‘शिळे’ या शब्दाला आपल्या घरांत जितकी अप्रतिष्ठा लाभली आहे तितकी दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी शब्दाला क्वचितच लाभली असेल. आणि तरीही महाराष्ट्रीय न्याहारीची वंशावळ कोणी निःपक्षपातीपणे तपासू लागला, तर रात्रीच्या भाताला सकाळी दिलेली फोडणी आणि रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा ही दोन नावे त्याला मूळपुरुषांच्या रांगेत आढळल्यावाचून राहणार नाहीत. ही कैफियत एकदा दप्तरी दाखल झाली, म्हणजे रविवारी संध्याकाळी केलेला अंड्याचा पदार्थ सोमवारी सकाळी पानात वाढण्यास वडीलधाऱ्यांची जी हरकत असते, तिचा जोर निम्म्याने तरी कमी होतो.

१९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या जाहिरातींनी रोज अंडी खाण्याचा उपदेश घरोघर पोहोचवला खरा. परंतु एकीकडे मुलांचे डबे, दुसरीकडे नळाचे पाणी आणि डोक्यावर ७ वाजून ४२ मिनिटांची लोकल अशा अवस्थेत ती करायची कोणी, याची तजवीज त्या जाहिरातींत नव्हती. परिणामी चहा आणि दोन बिस्किटे यांवर अर्धा दिवस निभावून नेण्याचा शिरस्ता पडला. सुमारे ५० ग्रॅम वजनाच्या एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम ७० उष्मांक असतात. प्रथिनांपैकी दोन-पंचमांशांहून अधिक भाग बलकात असल्यामुळे बलक टाकून नुसते पांढरे खाण्याची जी नवी सोवळी रीत निघाली आहे, ती मला तरी उधळपट्टीच वाटते. मात्र अंड्यात ‘क’ जीवनसत्त्व नाही आणि चोथाही मुळीच नाही, म्हणून भाजी आणि भाकरी यांची सोबत त्याला हवीच.

आणि भाजी आली की पाणी आले. माझ्या पहिल्या प्रयोगात मी कच्चा पालक, कच्चा टोमॅटो आणि सढळ हाताने मीठ फेटलेल्या अंड्यांत ढकलून देऊन ते मिश्रण मोठ्या आचेवर शिजवले होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत डबा उघडला तेव्हा आत जाळीदार, रबरासारखे काहीतरी होते, आणि त्यातून निघालेल्या हिरवट पाण्याने टपालाच्या एका लिफाफ्यावर आपली मोहर आधीच उमटवली होती. कारण उघड आहे. पांढऱ्यात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. उष्णतेने प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंतून त्यांचे जाळे बनते आणि हे पाणी त्या जाळ्यात धरले जाते, परंतु आच वाढतच राहिली तर तेच जाळे आवळत जाऊन ओला पंचा पिळावा तसे पाणी बाहेर टाकते. पांढरे ६० अंशांच्या पुढे दाटू लागते, बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. उकळत्या पाण्याचे १०० अंश लक्षात घेता आपण अंड्यावर केवढी जबरदस्ती करतो, हे यावरून ध्यानात यावे. त्यात मिठाने भाजीचे पाणी सुटते ते निराळेच.

म्हणून भाजीचा बंदोबस्त आधी करावा. कांदा बारीक चिरून चमचाभर तेलावर गुलाबी होऊ द्यावा, त्यात सिमला मिरची किंवा पालक घालून कढईच्या तळाचा चरचराट थांबेपर्यंत, म्हणजे पाणी आटेपर्यंत परतावे, आणि ही भाजी थंड झाल्यावरच अंड्यांत मिसळावी. सहा अंडी, वाटीभर परतलेली भाजी, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड आणि बेताचे मीठ एवढ्यात बारा खळग्यांचे आप्पेपात्र एकदा भरते. (हे पात्र निराळे ठेवावे, अशी आमच्या आजीची अट होती. पडवीतल्या स्टोव्हवरून अंडे स्वयंपाकघरात आले, ही तिच्या मते पुरेशी रदबदली होती. गोड आप्प्यांच्या पात्रापर्यंत मजल मारण्याची मुभा तिने कधीच दिली नाही.) खळग्यांना तेलाचे बोट लावून, मिश्रण काठाच्या किंचित खाली राहील इतके ओतावे, झाकण ठेवावे आणि आच मंद करावी. चार-पाच मिनिटांत कडा सुटतात आणि मधला भाग तेवढा थरथरत राहतो. त्या क्षणी आप्पे उलटून दुसरी बाजू दोन मिनिटे होऊ द्यावी, आणि मध्यभाग पक्का झाला की विलंब न लावता उतरवावे. गरम असताना फुगलेले आप्पे थंड होताच बसतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. चार आप्पे म्हणजे दोन अंडी, हा हिशेब सोपा आहे.

उकडलेल्या अंड्याविषयी एवढेच सांगतो, की बलकाभोवती जे हिरवट-करडे कडे दिसते ते विषारी नसून आपल्या विस्मरणाची ती पावती असते: जास्त वेळ उकळले की पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह यांचा संयोग होतो. अकरा-बारा मिनिटे होताच अंडी थंड पाण्यात टाकावीत. आदल्याच दिवशी घातलेले ताजे अंडे सोलताना निम्मे पांढरे सालाबरोबर निघून येते. आठवडाभर जुने अंडे मात्र सुखाने सोलले जाते, म्हणजे इथेही शिळ्याचीच सरशी.

भुर्जी मात्र आदल्या दिवशी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्यांदा गरम केलेली भुर्जी पाणी सोडते आणि तिचे कण खडबडीत होतात. तिचा कांदा-टोमॅटोचा मसाला तेवढा करून ठेवावा, सकाळी त्यावर दोन अंडी फोडावीत, चार मिनिटांत काम होते. पारशी मंडळींनी ही युक्ती फार पूर्वीच हस्तगत केली आहे: ‘पर ईडू’ म्हणजे ‘वर अंडे’, आणि ते भेंडीवर, बटाट्यावर, टोमॅटोवर, क्वचित कालच्या उरलेल्या भाजीवरही बिनदिक्कत फोडून झाकण ठेवले जाते.

राहिला मुदतीचा प्रश्न. शिजलेला पदार्थ दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, मे महिन्यात तर एक तासही पुष्कळ झाला. नंतर झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात नव्हे, तर आतल्या कप्प्यात, ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावा. सालासकट उकडलेली अंडी तिथे आठवडाभर राहतात. आप्पे सकाळी वाफ येईपर्यंत गरम करावेत. अखंड उकडलेले अंडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण आत कोंडलेली वाफ कधी यंत्रात, तर कधी थेट पहिल्या घासालाच स्फोट करते; अंडे उभे चिरून ठेवले की हे संकट टळते.

आप्प्यांची मुदत तीन ते चार दिवसांची. रविवारी संध्याकाळी केलेले आप्पे सोमवार, मंगळवार आणि बुधवार निभावून नेतात, आणि चौथ्या दिवशी, जंतुशास्त्र आक्षेप घेऊ लागण्याच्या आधीच, पंचांग मध्ये पडते. कारण आमच्याकडे गुरुवार पाळतात. त्या दिवशी पोहे. ज्यांच्या घरी सोमवार पाळतात, त्यांनी आप्पेपात्र सोमवारी रात्री बाहेर काढावे.