पंपाची बॅटरी दिवाळीनंतर मरते

पवनारच्या शिवारात धाम नदीच्या काठाने पराटी आणि सोयाबीन उभं असतं. जुलै ते ऑक्टोबर या काळात बॅटरीवर चालणारा 16 लिटरचा पंप पाठीवर घेतलेली माणसं इथे कुठल्याही धुऱ्यावरून दिसतात. बॅटरी बदलायला दुकानात गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो : ‘बारा बाय आठ देऊ की बारा बाय बारा?’ पहिला आकडा व्होल्टचा, दुसरा अँपिअर-तासांचा. प्रश्न रास्तच आहे, पण माझ्या मते त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा : उरलेले आठ महिने ही बॅटरी कुठे आणि कशी पडून राहणार?

आधी दुकानदाराच्या प्रश्नाचा हिशोब करू. नोझलमधून मिनिटाला साधारण 1 लिटर पाणी जातं असं धरा. एक पंप 16 मिनिटांत संपतो. मोटर 2 अँपिअर ओढत असेल, तर 8 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 4 तास चालायला हवी. वावरात तेवढी चालत नाही. शिशाच्या बॅटरीची क्षमता ती 20 तासांत सावकाश उतरवून मोजलेली असते, म्हणजे 0.4 अँपिअरने. तुम्ही पाचपट वेगाने ओढता, तेव्हा ती हात आखडता घेते. 3 तास धरले तर 11 पंप होतात. दाटलेल्या पराटीला एकरी 200 लिटर पाणी लागतं, म्हणजे साडेबारा पंप. एकर पुरा व्हायच्या आत आठवाली दमते. बारावाली त्याच हिशोबाने 16 पंपांपर्यंत जाते, पण किलोभर जड असते, आणि पाठीवर 16 किलो पाणी आधीच असतं. डबल मोटरचा पंप असेल आणि दोन्ही मोटरी चालवणार असाल, तर वेळ जवळपास निम्मा धरा.

आता पडून राहण्याचं. शिशाची बॅटरी उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते निघून जातं. राहू दिलं तर त्याचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, मग चार्जरला दाद देत नाहीत. शिवाय बॅटरी न वापरताही उतरत असते : 25 अंशांना महिन्याला साधारण 3 टक्के, आणि दर 10 अंशांमागे हा वेग जवळपास दुप्पट होतो. वर्ध्याचा मे महिना 45 अंशांवर जातो. टिनाखाली तर विचारूच नका. शेवटचा फवारा मारून अर्धी उतरलेली बॅटरी पंपातच ठेवून पंप कोठ्यात टांगला, की ती मिरगापर्यंत बहुधा गेलेलीच असते. तेव्हा चार्जिंगला लावली तर हिरवा दिवा तासाभरात लागतो आणि माणूस खूश होतो, पण आत साठवायला जागाच उरलेली नसते.

कॅनडा-फिनलंडकडे गोठलेल्या तळ्यांवर मासे धरायला बॅटरीच्या गिरमिटाने बर्फात भोकं पाडतात. तिथे गारठ्याने बॅटरी मंदावते, पण ऊब मिळाली की सावरते. आपला उन्हाळा तिचं आयुष्यच खातो, ते परत येत नाही.

म्हणून हंगाम संपला की बॅटरी पूर्ण चार्ज करा, वायर सोडवा, घरात थंड जागी ठेवा. दोन महिन्यांतून एकदा, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, पुन्हा चार्ज करा. तब्येत पाहायला साधा मल्टिमीटर पुरतो. चार्ज करून रात्रभर ठेवलेली बॅटरी सकाळी 12.7 व्होल्टच्या वर दिसली तर ठीक. 12.4 वर आली असेल तर कमजोर. 10.5 च्या आसपास अडकली असेल, तर सहा सेलपैकी एक मेला आहे असं बहुतेक वेळा समजावं. त्यावर इलाज नाही.

लिथियमची गोष्ट जवळजवळ उलटी. ती हलकी असते, सांगितलेली क्षमता बऱ्यापैकी देते, आणि ठेवताना तिला पूर्ण नव्हे, अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवायचं असतं. तिच्यातही दोन जाती आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेटची चार सेलची बॅटरी 12.8 व्होल्टची, उष्णता जास्त सोसते, हजारावर वेळा चार्ज होते. निकेल-मँगनीज-कोबाल्टची तीन सेलची साधारण 11.1 व्होल्टची असते आणि 12.6 वर भरते. शिशाच्या बॅटरीचा चार्जर 14 व्होल्टच्या वर जातो. तो या दुसऱ्या जातीला जोडला, तर आग लागण्यापासून वाचवणारी एकच वस्तू उरते : आतली संरक्षक सर्किटपट्टी. ती स्वस्त मालात कितपत भरवशाची असेल, सांगा! तेव्हा जुन्या पंपात लिथियम बसवलीत तर तिचाच चार्जर घ्या आणि जुना घरात ठेवूच नका. कुणीतरी घाईत तोच लावणार.

माझं मत असं : ज्याच्याकडे दोन-तीन एकर आहेत आणि दिवाळीनंतर बॅटरीकडे बघायची सवय आहे, त्याला बारा बाय बारा शिशाची पुरे. ज्याला बघणं होणार नाही, त्याने जास्त पैसे घालून आयर्न फॉस्फेट घ्यावी. फवारणीच मजुरीवर करणाऱ्याने तर नक्कीच. हाताचा दांडा असलेला टू इन वन पंप मिळत असेल तर तो सोडू नका, लाइन गेल्याच्या दिवशी तोच चालतो.

शिशाची घेताना तयार झाल्याचा महिना पाहा. दुकानाच्या फळीवर वर्षभर बसलेली ‘नवी’ बॅटरी आतून जुनीच असते. मेलेली मात्र भंगारवाल्याला फोडू देऊ नका. आत शिसं आणि आम्ल आहे. दुकानदार ती वळती करून नव्या बॅटरीच्या किमतीतून पैसे कमी करतो.