फाईलचा पास, कर्नलची नोंदवही

डोंबिवलीहून ठाण्याला रोज नोकरीसाठी जाणारा प्रवासी दररोज तिकीट खिडकीपुढे उभा राहत नाही. मासिक वा तिमाही पास एकदा काढला, की भागते. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली, रबाळे, महापे येथील डेटा सेंटरकडे जाणारी मंडळी ज्या लिनक्स सर्व्हरची देखभाल करतात, त्यांच्या अंतरंगातही २०१९ पासून अशीच पासाची सोय आहे. फरक एवढाच, की हा पास मुदत संपून आपोआप रद्द होत नाही. आणि नेमके तेच विसरले जाते.

एखादा प्रोग्रॅम फाईल उघडतो किंवा नेटवर्कवर जोडणी करतो, तेव्हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याला एक क्रमांक देतो. हा फाईल डिस्क्रिप्टर होय. पुढे प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी कर्नल हा क्रमांक तक्त्यात शोधतो, ‘फाईल वापरात आहे’ अशी मोजणी एकाने वाढवतो आणि काम संपल्यावर ती कमी करतो. एका कामाला हा खर्च नगण्य आहे. परंतु सेकंदाला लाखो कामे अनेक थ्रेडमधून होऊ लागली, की त्या एका मोजणीसाठी प्रोसेसरचे कोअर एकमेकांची वाट अडवतात.

जेन्स ॲक्सबो यांनी रचलेली ‘आयओ-यूरिंग’ ही व्यवस्था मे २०१९ मध्ये लिनक्स ५.१ बरोबर आली. प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यात दोन सामायिक रांगा असतात. एकीत कामे टाकायची, दुसरीतून निकाल उचलायचे. मधल्या वेळात थांबून राहायचे नाही. याच व्यवस्थेत फाईलींची आगाऊ नोंदणी करता येते. डिस्क्रिप्टरांची यादी कर्नलकडे एकदा सुपूर्द केली, की पुढे यादीतील जागेचा क्रमांक तेवढा सांगायचा. दर वेळचा शोध आणि मोजणीचा भार त्यामुळे हलका होतो. ज्याला महिन्यातून दोनदाच ठाण्याला जायचे, त्याने पास काढण्यात अर्थ नाही. चार-दोन फाईली हाताळणाऱ्या प्रोग्रॅमलाही नोंदणीचा विशेष लाभ नाही.

लिनक्स ५.५ पासून यादीत रिकाम्या जागा ठेवणे आणि एखादी जागा बदलणे शक्य झाले. जागा बदलली तरी आधी सुरू झालेली कामे जुन्याच फाईलवर पूर्ण होतात आणि त्यानंतरच कर्नल ती फाईल सोडतो. ५.१५ पासून फाईल थेट यादीतच उघडता येते; तिला नेहमीचा डिस्क्रिप्टर मिळतच नाही. ५.१९ पासून रिकामी जागा कर्नल स्वतःच शोधून देऊ शकतो.

खरी अडचण येते ती बंद करताना. नोंदवलेल्या फाईलचा मूळ डिस्क्रिप्टर बंद केला तरी यादीतील नोंद शाबूत राहते आणि कर्नलच्या लेखी फाईल उघडीच असते. समजा, एखाद्या सर्व्हरवर जुनी लॉग फाईल पुसून टाकली. पण तिची नोंद यादीत राहून गेली. डिस्कवरील जागा मोकळी होत नाही. प्रोग्रॅमच्या उघड्या फाईलींची जी नेहमीची यादी प्रशासक पाहतो, तीत ही फाईल दिसतही नाही. रात्रपाळीच्या माणसाने शोधायचे तरी कुठे? त्याने रिंगच्या स्वतःच्या माहितीपत्रकात डोकावायला हवे. तिथे नोंदलेल्या फाईली आढळतात. यादीतील जागा स्पष्टपणे रिकामी करणे किंवा रिंगच बंद करणे, हाच उपाय.

हिशेबातील चूक खुद्द कर्नललाही भोवली आहे. २०२२ मध्ये उघड झालेल्या एका दोषात, युनिक्स सॉकेटमधील निरुपयोगी फाईली झाडून टाकणारी यंत्रणा नोंदलेली फाईल काम चालू असतानाच मोकळी करू शकत होती. सामान्य वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार बळकावण्याचा मार्ग त्यातून खुला होत असे. कर्नलमधील त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षिसे देणाऱ्या गूगलने जून २०२३ मध्ये सांगितले, की आपल्याकडे आलेल्या हल्ल्यांच्या नमुन्यांपैकी ६० टक्के आयओ-यूरिंगवर आधारलेले होते. कंपनीने आपल्या सर्व्हरवर तिचा वापर रोखला. त्याच वर्षी आलेल्या लिनक्स ६.६ मध्ये ही व्यवस्था संपूर्ण यंत्रावर बंद ठेवण्याची कळ प्रशासकाच्या हाती देण्यात आली.