मालवणचा समुद्र १९८७ पासून 'अभयारण्य' आहे, मग तिथले मासे खरंच सुरक्षित आहेत का?

मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसलात की काही मिनिटांत तुम्ही एका अभयारण्यात असता. बहुतेक पर्यटकांना याचा पत्ताच नसतो. अभयारण्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबाचं गेट आणि जिप्सी येते. इथे नुसतं पाणी.

पण कागदावर ते आहे. एप्रिल १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा साधारण ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग 'कोअर झोन', म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाचा. कारणही तसंच होतं. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि माशांच्या पिल्लांना लपायला, वाढायला अशीच जागा लागते.

मुळात समुद्राला असं कुंपण घालून फायदा होतो का?

होतो. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो गावाचं उदाहरण जगभर दिलं जातं. १९९५ मध्ये तिथला समुद्र राष्ट्रीय उद्यान झाला. पुढे शास्त्रज्ञांनी मोजदाद केली, तर १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. हे उद्यान फक्त ७१ चौरस किलोमीटरचं आहे. तिथे राखण कोणी केली? गावातल्याच माणसांनी. त्यातले बरेच जण आधी मच्छीमार होते, नंतर डायव्हिंगच्या पर्यटनावर त्यांचं घर चालू लागलं.

पण असं सगळीकडे होत नाही. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जगभरातल्या ८७ संरक्षित सागरी क्षेत्रांचा अभ्यास आला. त्यात पाच कसोट्या होत्या : मासेमारी पूर्ण बंद आहे का, नियम खरंच पाळले जातात का, संरक्षणाला दहा वर्षांहून जास्त काळ झालाय का, क्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे का आणि भोवती खोल पाणी किंवा वाळू असल्यानं ते वेगळं राहिलंय का. ५९ टक्के क्षेत्रं यातल्या एखाद-दुसऱ्याच कसोटीवर उतरली. आणि ही क्षेत्रं आणि जिथे बिनदिक्कत मासेमारी चालते तो समुद्र, यांत फरकच दिसला नाही!

आता मालवण तपासा. वय भरपूर आहे. आकारात नापास. वेगळं म्हणावं तर समोरच बंदर, दिवसभर होड्यांची ये-जा. उरल्या दोन कसोट्या, मासेमारी आणि अंमलबजावणी. खरी गाठ तिथेच आहे.

अभयारण्य जाहीर झाल्यापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे. भीती साधी आहे : आज किल्ल्याजवळ जाऊ नका म्हणतील, उद्या किनाऱ्यावरून रापण ओढायलाही बंदी येईल. आणि पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटी मात्र बाहेरून मासे उचलून नेतील. पर्ससीनवाल्यांशी रापणकरांचा संघर्ष सिंधुदुर्गाला नवा नाही, त्यामुळे ही भीती हवेतली म्हणता येत नाही.

गंमत बघा. सागरी हद्दीतलं पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या रोजीरोटीच्या रक्षणासाठी पुरेशी पावलं उचलली पाहिजेत, असं वन्यजीव कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पण ही तरतूद आली १९९१ च्या दुरुस्तीने. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षं आधीची.

शिवाय अभयारण्य वन विभागाचं आणि मासेमारीचे नियम मत्स्यव्यवसाय विभागाचे. मासा काही विभाग बघून पोहत नाही. ज्या माणसाला या पाण्यातला खडक न् खडक ठाऊक आहे, तो काबो पुल्मोत राखणदार झाला. मालवणात त्यालाच आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटत राहिलं.

आता स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचा पैसा मालवणात येतोय. त्यातून चित्र बदलू शकतं. पण होडीचा नांगर प्रवाळावर पडला किंवा हौशी पर्यटक त्यावर उभा राहिला, तर वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडते. त्यामुळे पर्यटन म्हणजे आपोआप संरक्षण, असंही नाही.

हे सगळं आत्ताच का महत्त्वाचं? कारण डिसेंबर २०२२ च्या जागतिक करारात २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करायचं ठरलं आणि भारतही त्यात आहे. आपलं सागरी आर्थिक क्षेत्र २० लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आकडा गाठायचा तर नकाशावर अजून बऱ्याच रेषा ओढाव्या लागतील.

अशा रेषेसाठी एक नाव नेहमी पुढे येतं, आंग्रिया बँकचं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून १०० किलोमीटरहून दूर, पाण्याखाली असलेलं हे प्रवाळाचं पठार. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला हे नाव पडलं. तिथे प्रश्न मालवणच्या उलटा आहे. जवळ गाव नाही, रापण नाही, म्हणजे किनाऱ्यावरून लक्ष ठेवणारंही कोणी नाही. तिथे जाळं टाकणाऱ्या बोटीला अडवायचं, तर गस्तीच्या बोटीला आधी १०० किलोमीटरहून जास्त अंतर कापावं लागेल.